राई कुणाच्या नावावर?

जुन्नर शहराच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे. त्याच्या कड्यात कोरलेल्या बौद्ध लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीतले अनेक दानलेख आहेत. त्यांतला सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा एक लेख आडुथुम नावाच्या एका शक उपासकाचा आहे. हा माणूस कोणाचिक नावाच्या श्रेणीतला, म्हणजे एका व्यवसायसंघातला. वडालिका इथल्या २० निवर्तनं जमिनीचं उत्पन्न करंजाची झाडं लावण्यासाठी आणि कटपुटक इथल्या ९ निवर्तनांचं उत्पन्न वडाची झाडं लावण्यासाठी, अशी व्यवस्था त्या लेखात नोंदवलेली आहे.

झाडं लावणारे पुष्कळ असतात. लावलेल्या रोपाला पाणी कोण घालील, मेलेल्याच्या जागी दुसरं कोण लावील, आणि त्या खर्चासाठी जमिनीचं उत्पन्न कुणाच्या हाती राहील, एवढा विचार करून तो दगडावर कोरून ठेवणारे फार थोडे. नाणेघाटातून चढणाऱ्या मालावर जुन्नरची पेठ तेव्हा भरभराटीला आलेली होती. अशा गजबजलेल्या गावाला सावली लागते आणि सावली टिकवायची तर तिची जबाबदारी कुणाकडे तरी लेखी असावी लागते, हे इथल्या लोकांना त्या काळी कळलेलं असावं.

त्याच जुन्नर तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात सामाईक झाडीची आणखी एक रीत आजही जिवंत आहे. तिच्यासाठी कुणी जमीन लावून दिलेली नाही आणि तिचा शिलालेखही नाही. ती म्हणजे देवराई. सह्याद्रीच्या कण्याला लागून असलेल्या पट्ट्यात लोक नुसतं ‘राई’ म्हणतात. जुन्नरकडे घाटघर, आंबे, हातवीज, दुर्गवाडी, इंगळून आणि आंबेगावकडे आहुपे, तिरपाड, असाणे, कोंढवळ, निगडाळे ही या पट्ट्यातली गावं. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आदिवासींची. दैवतं दुर्गादेवी, वरसूबाई, कळमजाई, भैरवनाथ, वाघोबा अशी. काही ठिकाणी देवाला छप्परसुद्धा नसतं. शेंदूर लावलेला तांदळा आणि वर झाडांचा मांडव, एवढंच देऊळ. पुढची पानं या रायांची ओळख व्हावी म्हणून आहेत. त्यांत शिरण्याआधी काही गोष्टी बोलून घ्यायला हव्यात, कारण या राया आज ज्या अडचणीत आहेत ती बाहेरून आलेल्या माणसाला चटकन दिसत नाही.

शहरातल्या वाचकाने देवराईकडे आधी बाग म्हणूनच पाहावं, असं मला वाटतं. मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेची २००० हून अधिक झाडं एकदोन रात्रींत पाडली गेली, तेव्हा शेकडो माणसं रस्त्यावर उतरली. पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या जागेवर सरकारी इमारती येणार म्हटल्यावर नागरिकांनी विरोध केला. टेकड्यांसाठी तर पुणेकर वर्षानुवर्षं भांडत आहेत. या सगळ्या लढ्यांमागचा प्रश्न सारखाच आहे. सगळ्यांनी वापरलेली, कुणा एकाची नसलेली हिरवी जागा कुणाच्या शब्दावर टिकते? बाग म्हणजे काही फक्त ताटवे आणि बाकडी नव्हेत. कोण काय घेईल, कधी घेईल आणि कशाला हात लावणार नाही, याचा ठराव जिच्याभोवती झालेला असतो, ती सामाईक बाग. या अर्थाने जुन्नर-आंबेगावच्या राया ह्या आपल्याकडच्या सर्वांत जुन्या सामाईक बागा आहेत, आणि त्यांच्यापुढचं संकटही शहरातल्या बागांपुढच्या संकटाचंच सख्खं भावंड आहे.

राईची हद्द ओळखायला नकाशा लागत नाही. भात आणि नाचणीची रोपं तयार करण्यासाठी इथे राब भाजतात. झाडांचे टहाळे तोडायचे, वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात जाळायचे आणि पाऊस आला की त्या राखेत बी फेकायचं. त्यामुळे शेताजवळची झाडं वर्षानुवर्षं खरडली जातात, बुंधे खांबांसारखे उभे राहतात. जिथे झाड आपल्या पूर्ण घेराने पसरलेलं दिसतं, तिथे राई सुरू झाली. आत आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी, उंबर अशी झाडं एकमेकांत गुंतलेली. मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेली, तिच्या हातभर लांब शेंगा खाली लोंबलेल्या. शेंड्यांवर शेकरूची घरटी. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजत्या लाकडावरची बुरशी रात्री मंद उजेड देते, ती पाहायला आता लांबून लोक येतात. पण माझ्या मते राईतली सर्वांत मोलाची गोष्ट पायाखाली असते. पाचोळ्याचा जाड, ओलसर थर, आणि त्यात उगवलेली बोटभर उंचीची असंख्य रोपं. वरची झाडं म्हातारी झाली की त्यांची जागा घेणारी पिढी तिथे वाट पाहत असते. हा थर लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

या झाडीला राखलं कुणी? ‘श्रद्धेने’ असं उत्तर देऊन मोकळं होण्याची सवय आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. देवाच्या भीतीला गावकीच्या नियमाची जोड होती. वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, कुऱ्हाड आत न्यायची नाही, चप्पल बाहेर काढायची. देवळाच्याच कामाला लाकूड लागलं तर देवाला कौल लावायचा, आणि तो कौल चार लोकांसमोर लावायचा. मोडणाऱ्याला गाव जाब विचारी. म्हणजे नियम होता, तो मोडला तर विचारणारी सभा होती आणि दर पिढीला तो पुन्हा सांगितला जाई. देवाचं नाव त्या नियमावरची मोहोर होती.

१९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या. १९७५ आणि १९७६ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि तोवर विज्ञानाच्या दृष्टीने अंधश्रद्धेच्या खात्यात पडलेल्या या जागा एकदम जैविक ठेवा म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्याआधी दामोदर कोसंबी याच मावळपट्ट्यात आणि जुन्नरच्या परिसरात उघड्यावरच्या मातृदेवतांचा माग काढत फिरले होते. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या त्यांच्या ग्रंथात ते काम आहे. एकाने देवीकडून सुरुवात केली, दुसऱ्यांनी झाडांकडून, आणि दोन्ही वाटा रानातल्या त्याच ठिकाणांपाशी गेल्या.

पाण्याचा हिशेब मांडला तर या राया फक्त डोंगरातल्या लोकांच्या राहत नाहीत. कुकडीचा उगम पूरच्या कुकडेश्वराजवळ, घोडचा आहुप्याच्या बाजूला. मीनाही याच पश्चिम पट्ट्यातून निघते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. नारायणगावची द्राक्षं आणि टोमॅटो, मंचरच्या बाजूचा ऊस, सगळं याच पाण्यावर. राई साधारणपणे झऱ्याच्या माथ्यावर असते. पाचोळ्याच्या थरात मुरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत थेंबथेंब सुटत राहतं, म्हणून झऱ्याकाठच्या वाडीला एप्रिलातही हंडा भरता येतो. डिंभ्याच्या जलाशयात जुनं आंबेगाव आणि त्याच्यासोबत कित्येकांची भातखाचरं गेली. वरच्या लोकांनी खालच्यांसाठी आपली जमीन एकदा दिलेली आहे. वरची झाडी राखण्याचं कामही फुकटात त्यांच्याच गळ्यात घालायचं आणि तिच्यावरचा हक्क मात्र द्यायचा नाही, हा अन्याय आहे.

आंबेगावातलंच माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. त्या दुर्घटनेच्या कारणांवर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि एखाद्या राईने ती टळली असती असं म्हणणं मृतांच्या दुःखाचा गैरवापर ठरेल. तरी उतारावर काय उभं आहे, माती कुठे सपाट केली जाते आणि पाणी कुठून वाट काढतं, हे प्रश्न तेव्हापासून इथे जगण्यामरण्याचे झाले आहेत.

आता कागदाकडे येऊ. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्यांच्या देखरेखीखाली सरकारी बाग होती, म्हणजे हा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे बजावणाऱ्या पहिल्या सरकारी आवाजांत त्यांचा आवाज आहे. पण त्या काळजीतून जो खात्याचा कारभार उभा राहिला, त्याने १८७८ च्या वनकायद्यानंतर गावाचं रान सरकारचं केलं. राया त्या मोजणीत कशाही विखुरल्या. काही राखीव वनाच्या गटात गेल्या, काही महसूल खात्याच्या नोंदीत, काही देवस्थानाच्या, तर काही चक्क खासगी मालकीत. ज्या गावाने पिढ्यानपिढ्या काटकी उचलली नाही, त्या गावाचं नाव सातबाऱ्यावर कुठेच आलं नाही. १९८५ मध्ये सुमारे १३० चौरस किलोमीटरचं भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं. शेकरूला आसरा मिळाला. हद्दीतल्या गावांना मात्र आपल्याच रानात हिरडा वेचताना परवानगीची भाषा ऐकावी लागली.

हिरड्याबद्दल दोन शब्द जास्त सांगायला हवेत, कारण ‘आदिवासी रान तोडतात’ हा समज शहरात अजून गेलेला नाही. उन्हाळ्यात कोवळी फळं पाडून, वाळवून विकतात, तो बाळहिरडा. औषधांना आणि कातडी कमावण्याला तो लागतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या घरांना वर्षातला रोख पैसा मिळण्याचं हे मोठं साधन. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं उन्मळून पडली, तेव्हा पीक बुडाल्यासारखीच ही नुकसानी होती, आणि ती भरून मिळावी म्हणून लोकांना झगडावं लागलं, कारण रानातलं झाड पिकाच्या रकान्यात बसत नव्हतं. ज्या झाडावर घर चालतं ते झाड कोण मुळासकट तोडील?

पूर्वी राईला धोका होता लाकडाच्या ठेकेदाराचा. तो ओळखू येई. त्याच्यासमोर गाव उभं राहू शके. आजचा धोका गावाच्या स्वतःच्या प्रेमातून येतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलणं अवघड आहे, आणि तेच बोलण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतून माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला गेली. मुंबईचे डबेवाले मुख्यतः याच मावळातले. चाळीत राहून, ओझी वाहून, त्यांनी गावच्या देवासाठी वर्गणी पाठवली. आपला देव उघड्यावर पावसात भिजतो, याचं त्यांना दुःख होतं. मग जीर्णोद्धार निघतो. सभामंडप येतो, त्यासाठी चारदोन झाडं जातात. सामान न्यायला रस्ता काढतात, त्यात आणखी जातात. ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला की सरकारी निधी येतो, आणि निधी खर्च करायची मुदत मार्चपर्यंत असल्याने तो सिमेंटमध्येच जातो. शेवटी भोवतालची जागा स्वच्छ दिसावी म्हणून पाचोळा झाडून काढतात आणि पेव्हर ब्लॉक बसवतात.

इथे राई मरते. मोठी झाडं अजून उभी असतात, त्यामुळे कुणाला कळत नाही. पण झाडलेल्या, फरशी घातलेल्या जमिनीत जांभळाची बी रुजत नाही. रोपांची ती बोटभर पिढीच नाहीशी होते. ५० वर्षांनी म्हातारी झाडं एकेक करून पडतील तेव्हा त्यांच्या मागे उभं राहायला कुणी नसेल. सुशोभीकरण म्हणून लावलेले गुलमोहर आणि सुबाभूळ ती जागा भरू शकत नाहीत. त्यांच्याखाली ना ते पाणी मुरतं, ना ते पक्षी उतरतात. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यावर राग धरण्याचं कारण नाही. त्यांना कुणीतरी घरी बसून, आपुलकीने सांगायला हवं की या देवीचं देऊळ म्हणजे हीच झाडं, आणि सभामंडप गावठाणात बांधला तर कीर्तनालाही सोयीचा पडतो.

बाकीचा रेटा सगळ्यांना माहीत आहे. २०१८ मध्ये जुन्नर हा राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट पाहायला लोक यावेत, इथल्या पोरांना गावातच काम मिळावं, ही इच्छा रास्तच आहे. पण रस्ता रुंद झाला की डोंगराकडेच्या जमिनीचे प्लॉट पडू लागतात. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, जमीन महसूल संहितेतल्या ३६ आणि ३६अ या कलमांचं ते कुंपण आहे. राईला तेवढंही कुंपण नाही, कारण ती गावाची म्हणून कुठेच लिहिलेली नाही.

बाहेरच्या जगातही हे असंच घडलं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७३ पासून लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी पडीक, कचऱ्याने भरलेल्या सरकारी जागांवर मोहल्ल्याच्या बागा फुलवल्या. पुढे जमिनीचे भाव चढले आणि १९९९ मध्ये शहराने शंभराहून अधिक बागांचा लिलाव काढला. लोकांनी धरणी धरली. शेवटी लिलावाच्या तोंडावर ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ आणि अभिनेत्री बेट मिडलर यांच्या संस्थेने त्या बागा विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल फार्मवर शेकडो गरीब कुटुंबं १४ एकरांत भाजीपाला पिकवत होती. २००६ च्या जूनमध्ये पोलिस बंदोबस्तात ती बाग बुलडोझरखाली गेली. मायेत दोन्हीकडे कमीजास्त काही नव्हतं. एका ठिकाणी जमिनीचा कागद राखणाऱ्यांच्या हाती आला, दुसऱ्या ठिकाणी आला नाही.

आपल्याकडे लिलावात जमीन विकत घेण्याची गरज नाही, कारण त्याहून चांगलं साधन कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आणि ग्रामसभेला त्यासाठी नियम करण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो मिळवून दाखवला. आंबेगाव आणि जुन्नरची ही पश्चिमेची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे पेसा कायद्याने त्यांच्या ग्रामसभेचं वजन आणखी वाढतं. इथल्या लोकांना संघटित कामाची सवयही आहे. डिंभ्याच्या विस्थापितांसोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जलाशयातली मासेमारी सहकारी पद्धतीने चालवणं आणि डोंगरउतारावर पडकई घालून भातखाचरं तयार करणं, ही ती कामं. ज्यांनी हे केलं त्यांना राईचा नकाशा काढणं जड नाही.

जैवविविधता कायद्यातला वारसा स्थळाचा दर्जा हाही एक मार्ग आहे; पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये तो मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात राजस्थानातल्या देववनांची मोजणी करून त्यांना संरक्षण देण्याचा आदेश दिला आणि देशभरासाठी धोरण आखावं असं केंद्राला सुचवलं. या निकालाचं स्वागत करायला हवं. पण वनहक्कावर काम करणाऱ्यांनी त्यावर घेतलेली शंकाही नीट ऐकली पाहिजे. संरक्षित म्हणून जाहीर केलेली राई पुन्हा खात्याच्याच ताब्यात गेली, तर राखणारे हात दुसऱ्यांदा बाहेर राहतील. माझं मत स्पष्ट आहे. आधी ग्रामसभेचा सामूहिक हक्क, त्यात राईची हद्द नावानिशी, आणि मग बाकीचे दर्जे. हा क्रम उलटला तर झाडं काही काळ वाचतीलही, पण त्यांना विचारणारी सभा उरणार नाही.

एक गोष्ट जुन्या रीतीतलीही बदलायला हवी. काही ठिकाणी बायकांना राईत देवापर्यंत जाता येत नाही, किंवा ठरावीक दिवसांत हद्दीतही नाही. झऱ्यावरून पाणी आणणाऱ्या, हिरडा वेचणाऱ्या, कुठल्या झाडाला यंदा फळ नाही हे आधी ओळखणाऱ्या त्याच असतात. वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश महिला असाव्यात हा नियम आहे. त्या सभेत बसल्या तर राईचे नवे नियम पाण्याच्या अंगाने लिहिले जातील.

पुढची पानं वाचताना वाचकाने प्रत्येक राईच्या बाबतीत तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं, एवढी विनंती आहे: जमीन आज कुणाच्या नावावर आहे, झरा बारमाही आहे का, आणि झाडांखाली रोपं आहेत का. ज्यांचं गाव या पट्ट्यात आहे त्यांनी आपल्या राईची ही नोंद स्वतः करावी. हद्दीच्या खुणा ठाऊक असलेली माणसं आता वयस्क झाली आहेत. मुंबई-पुण्याचे लोक मे महिन्यात सुट्टीला आणि जत्रेला गावी येतात, हिरड्याचे दिवसही तेच, त्यामुळे दोघांची गाठ गावातच पडते. राब भाजून झालेला असतो, पाऊस अजून लांब असतो, गवत वाळल्यामुळे जुने दगड दिसतात. त्या दिवसांत म्हाताऱ्यांना पुढे घालून हद्द फिरून घ्यावी, खुणांचे फोटो आणि गट नंबर टिपून घ्यावेत, आणि दाव्याचा ठराव पावसाआधीच्या ग्रामसभेत मांडावा.